वाटा कोणाच्या?
अमेरिकेतील युटा राज्यात मोअब गावाभोवती युरेनियमच्या शोधार्थ पाडलेल्या ज्या वाटांवरून आज हौशी लोक जीपगाड्या हाकतात, त्यांपैकी लॅबिरिंथ कॅन्यन परिसरातील सुमारे 300 मैलांच्या वाटा केंद्र सरकारच्या जमीन खात्याने 2023 साली वाहनांस बंद केल्या, तेव्हा जुनी वहिवाट एका फर्मानाने बुडाल्याची जी ओरड झाली, ती मला सर्वस्वी अनाठायी वाटत नाही. कारण सार्वजनिक भूमी ही काही पायी हिंडणाऱ्या धडधाकटांची जहागीर नव्हे. मात्र तेथल्या वाळूवर धरलेली काळसर, खरबरीत, सजीव साय चाकाखाली एकदा चुरडली की पुन्हा धरावयास दशके लागतात. म्हणून राष्ट्राध्यक्ष निक्सनसाहेबांच्या, सार्वजनिक भूमीवर गाड्यांच्या वाटा ठरवून देण्याविषयीच्या 1972 च्या हुकुमान्वये मुक्रर झालेल्या वाटा खुशाल खुल्या ठेवाव्यात, पण वाट सोडून गाडी घालणाऱ्याकडून जबर दंड वसूल करावा.