स्वस्त देशाच्या शोधात भांडवल

युरोप-अमेरिकेतील कंपन्यांना सल्लागार मंडळी सांगतात की, कार्यालयीन कामे देण्यास भारत, फिलिपाइन्स आता महाग पडतात. फारसा परिचित नसलेला देश निवडा. यालाच म्हणे 'तुलनात्मक लाभ'! भांडवल सहसा देशाबाहेर जात नाही हे गृहीत धरून रिकार्डोने तो सिद्धांत मांडला होता, याचा सोयीस्कर विसर पडतो.

केनियात काय घडले पाहा. ओपनएआय कंपनीने नैरोबीतील कामगारांना हिंसेची व लैंगिक अत्याचारांची वर्णने वाचावयास लावून त्यांची वर्गवारी करून घेतली. कंत्राटाचा दर तासाला १२.५० डॉलर, कामगाराच्या हाती १.३२ ते २ डॉलर, असे 'टाइम'ने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले. उरलेल्यात इतर खर्च येतो, हा कंत्राटदाराचा खुलासा. येत असेल, पण एवढा? त्याच वर्षी १ मे रोजी फेसबुक, टिकटॉक व चॅटजीपीटीसाठी राबलेल्या दीडशेहून अधिक कामगारांनी नैरोबीत युनियन स्थापण्याचा निर्धार केला. फेसबुकची मालक मेटा हिच्यावर केनियात खटला चालू शकतो, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये दिला. आणि २०२५ मध्ये वृत्त आले की, मेटाचे तसलेच काम घानातील आक्रा शहरात चालते!

अपरिचित देश म्हणजे जेथे युनियन अद्याप उभी राहिलेली नाही असा देश. आपल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने, कंत्राटदाराने मजुरी बुडविल्यास ती देण्याचा भार मुख्य मालकावर टाकला होता. तो भार देशाच्या सीमेपाशी थांबता कामा नये. खरा मालक कोण, हाच नैरोबीच्या कामगारांचा मेटाशी वाद आहे. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्या आपल्या तरुणांनी त्यांच्याशी संपर्क साधावयास हवा.