उंटाचे शब्द मोजणाऱ्यांना

भाषाविज्ञानाच्या वर्गांतून एक वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे: अरबीत उंटासाठी हजारो शब्द आहेत. विद्यार्थी हसतात, शिक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळतात. हामर-पुर्गश्टाल या ऑस्ट्रियन पंडिताने १८५०च्या दशकात उंटासंबंधीचे साडेपाच हजारांहून अधिक शब्द जमवले. त्यांचा आकडा तेवढा उरला, शब्द कोणी वाचले नाहीत.

मुळात इतके शब्द कुणा एका बदूच्या जिभेवर कधीच नव्हते. आठव्या-नवव्या शतकांत बसरा-कूफा येथील कोशकारांनी ते निरनिराळ्या टोळ्यांच्या बोलींतून आणि जुन्या काव्यातून टिपले. अस्मईने तर उंटावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

आता फक्त चालीचे शब्द घ्या. ‘अनक’ ही मोकळी, संथ लयीची चाल. तिच्यावर किंचित चढती ती ‘तझय्युद’, मग ‘धमील’, त्याहून वेगाची ‘रसीम’. शहामृगासारखे पाय फेकत जाणे म्हणजे ‘वख्द’. यांना समानार्थी कसे म्हणावे? ही तर चढत जाणारी श्रेणी आहे. घोड्याची रवाल, दुडकी आणि चौखूर धाव आपण एकाच शब्दाचे पर्याय म्हणून मोजत नाही, आणि मराठीत घोड्याचे शब्द फार, असे नवलही करीत नाही. ते नवल परक्यांच्या उंटासाठी राखून ठेवलेले!

नुकसान होते ते कवितेचे. जुन्या कसीद्यात प्रवासाचा भाग असतो. तरफाच्या मुअल्लकेत सांडणीचे वर्णन तीसेक बैतांपर्यंत लांबते. भाषांतरात प्रत्येक चाल ‘वेगाने’ होऊन बसते, आणि मग आम्हीच म्हणतो, वर्णन कंटाळवाणे आहे.

सांडणीला तिच्या वेगाच्या शेवटच्या टोकापर्यंत नेणे याला अरबीत ‘नस्स’ म्हणतात. आजचा अरबी समीक्षक ‘संहिता’ या अर्थी जो शब्द वापरतो, तोही ‘नस्स’च. धातू एकच, मूळ अर्थ वर उचलणे, उघड करणे. संहिता-संहिता म्हणून घसा कोरडा करणाऱ्या आमच्या समीक्षेला हे ठाऊक असायला हरकत नव्हती.

असो. गझलेचा तास असला की देवप्रिया आणि व्योमगंगा यांच्यापुढे फळ्यावर ‘रमल’ असे लिहिले जाते. रमल हे झपझप चालण्याचेही नाव आहे, हे त्या तासाला कोणी सांगत नाही. हजारो शब्दांचा आकडा मात्र सर्वांना तोंडपाठ असतो.