चुंबकीय खुर्ची आणि बायकांचा न बोललेला त्रास

खोकला आला, जोरात हसू आलं, पाण्याचा हंडा उचलला की लघवीचे थेंब गळतात. बाळंतपणानंतर किंवा पाळी थांबल्यावर अनेक बायकांना हा त्रास होतो, पण घरात तो "आता वय झालं" म्हणून मिटवला जातो. अलीकडे मोठ्या शहरांतले खासगी दवाखाने यासाठी चुंबकीय खुर्चीची जाहिरात करतात. कपड्यांसकट बसा, अर्ध्या तासात उठा! पर्दा पाळणाऱ्या आपल्या बहिणींना हे सोयीचं वाटणारच.

खुर्चीत जादू नाही. बैठकीखाली तारेचं वेटोळं असतं. त्यात वीज थांबून-थांबून सोडली की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यामुळे ओटीपोटाच्या तळाच्या नसा चेततात आणि स्नायू आपोआप आवळतात. तत्त्व फॅरेडेचं, 1831 सालचं. दहावीची मुलं ते पाठ करतात. अमेरिकेत अशा खुर्चीला 1998 मध्येच परवानगी मिळाली होती.

मग फायदा होतो का? मलेशियातल्या पेनांगमध्ये 120 बायकांवर प्रयोग झाला, 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरी खुर्ची, निम्म्यांना नुसती दिखाव्याची. आठवड्यातून 2 वेळा, 2 महिने. खऱ्या खुर्चीवरच्या 60 पैकी 45 जणींना ठळक फरक जाणवला, दिखाव्याच्या खुर्चीवर 13 जणींना. आकडा चांगला आहे. पण त्या सगळ्या खोकताना-शिंकताना गळण्याच्या प्रकारच्या होत्या, आणि फरक पडणं म्हणजे पूर्ण बरं होणं नव्हे. शिवाय 16 बैठका म्हणजे जवाहरनगरहून नागपूरच्या 16 फेऱ्या. फी वेगळीच.

खुर्ची जे करते ते बाई स्वतःही करू शकते, हे मात्र जाहिरातीत ठळक नसतं. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, थोडं धरायचे, सोडायचे. एका वेळी किमान 8, दिवसातून 3 वेळा, किमान 3 महिने. (लघवी करता करता हा सराव करू नये.) जगभरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा 2018 मध्ये आला: या प्रकारच्या त्रासात व्यायाम करणाऱ्यांपैकी 56 टक्के बायकांनी बरं झाल्याचं सांगितलं, काहीच न करणाऱ्यांपैकी 6 टक्के. बिडी वळत बसलेल्या बाईलाही हे जमतं, शेजारणीला कळतसुद्धा नाही. एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यावं, कारण पुष्कळ जणी पोटच आवळत बसतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. वुजू टिकत नाही म्हणून काही जणी नमाज सोडतात, तरावीहला जात नाहीत. शरीयतमध्ये माजूरसाठी सवलत आहे. हनफी मसलकात गळणं सतत असेल तर प्रत्येक नमाजच्या वक्तासाठी एक वुजू पुरतो. आपल्या बाबतीत ते लागू होतं का, हे आलिमांना विचारा. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी रक्तस्रावाचा प्रश्न थेट हुजूर सल्लल्लाहू अलैहि वसल्लम यांना विचारला होता. मग डॉक्टरांपुढे शर्म कसली?

पाणी पिणं कमी करू नका, जळजळ वाढते. आधी लघवीची आणि साखरेची तपासणी करा. पेसमेकर असेल, कंबरेत धातू बसवलेला असेल किंवा गरोदरपण असेल तर खुर्ची नाही. तांबी बसवली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि अवघड बाळंतपणानंतर लघवी रात्रंदिवस वाहत असेल तर खुर्ची किंवा व्यायामात वेळ घालवू नका. तिथे फिस्टुला असू शकतो आणि त्याला बहुधा ऑपरेशनच लागतं.