नोबेलची बातमी आणि तुमचे कोरडे तोंड

२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रन्कोव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून तिला आवर घालणाऱ्या पेशींवरचे हे संशोधन आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोव्हार्टिस कंपनीने शोग्रेन सिंड्रोमवरील इआनालुमॅब या इंजेक्शनच्या तिसऱ्या टप्प्यातील दोन चाचण्या यशस्वी झाल्याचे जाहीर केले. साहजिकच रुग्ण विचारतात, "डॉक्टर, आता आमचा आजार बरा होणार का?"

आशा ठेवा, पण एक गोष्ट समजून घ्या. त्या चाचण्यांमध्ये मुख्यतः सांधे, फुप्फुसे, रक्त, ग्रंथींची सूज अशा संपूर्ण शरीरातील आजाराची तीव्रता मोजली होती. लाळ किती वाढली, हा यशाचा मुख्य निकष नव्हता. ज्या लाळग्रंथी आधीच निकामी झाल्या आहेत, त्या पूर्ववत होतील असे समजू नका. आणि औषधाची वाट पाहत असताना दात मात्र थांबत नाहीत.

असे का होते? निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती आम्ल धुऊन काढते आणि दातांना कॅल्शियम परत देते. शोग्रेनमध्ये ती आटते. मग हिरड्यांलगत दात किडतात, जीभ चुरचुरते, तोंडात बुरशीचा संसर्ग होतो, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी गिळवत नाही. हा आजार बहुतांशी स्त्रियांना होतो आणि संधिवात किंवा ल्युपससोबतही आढळतो. "वयामुळे होतं" म्हणून तो अनेकदा दुर्लक्षित राहतो.

आज काय करता येईल?

• तोंड ओले ठेवण्यासाठी खडीसाखर, लिमलेटच्या गोळ्या चघळू नका. त्याने कीड वाढते. साखरविरहित च्युइंगगम चालेल.
• पाणी घोट-घोट प्या. लिंबू सरबत, शीतपेये, गोड चहा वारंवार नको. मिश्री, तंबाखू, सुपारी बंद करा.
• आपल्याकडे साध्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. तुम्हाला तेवढे पुरेलच असे नाही. दंतवैद्यांना फ्लोराइड वार्निशबद्दल विचारा आणि दर तीन ते सहा महिन्यांनी दात दाखवा.
• सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅलर्जी, नैराश्य, लघवीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका.
• लाळ वाढवणारी पिलोकार्पिनची गोळी उपलब्ध आहे. पण दमा, काचबिंदू किंवा हृदयविकार असल्यास आधी सांगा.

कानाखालची गाठ किंवा सूज कमी होत नसेल, विनाकारण वजन घटत असेल, तर लगेच तपासून घ्या. शोग्रेनमध्ये लिम्फोमा या कर्करोगाचा धोका वाढतो.

खर्चाचा मुद्दाही आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी दातांच्या नेहमीच्या उपचारांचे पैसे देत नाहीत. रूट कॅनाल आणि कॅपपेक्षा वार्निश कितीतरी स्वस्त पडते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार कमी खर्चात होतात. नवे औषध येईल तेव्हा येईल. तोवर तुमचे स्वतःचे दात टिकवणे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.