मनगटावरची साक्ष

रात्र कशी गेली हे आपल्या देहाला विचारण्यापूर्वी मनगटावरच्या घड्याळाला विचारावयाचे, आणि ते जो आकडा दाखवील त्यावर दिवसाची उमेद अवलंबून ठेवावयाची, असा जो प्रघात अलीकडे सुशिक्षित घरांतून रूढ होत आहे, त्याविषयी गांभीर्याने चार शब्द लिहिणे अगत्याचे झाले आहे. कारण ज्या नोंदीला आपण बिनचूक दाखला समजतो तो वस्तुतः एक अंदाज असतो, आणि ही गोष्ट ग्राहकाला पुरेशा स्पष्टपणे कोणी सांगत नाही.

या घड्याळाला झोप दिसत नाही. हालचाल आणि नाडी तेवढी दिसते. त्याच्या पोटातला गतिमापक हाताची हालचाल तिन्ही दिशांनी अखंड टिपत असतो. घड्याळ उलटे करून पाहिले तर पाठीशी बारीक हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात, त्यांचे काम दुसरे. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटाच्या त्वचेखाली रक्ताची लाट आली की परतणारा प्रकाश किंचित मंदावतो, आणि या सूक्ष्म चढउतारांवरून ठोके व त्यांमधील अंतर यांचे गणित मांडले जाते. हात निश्चल आणि नाडी मंद, तर झोप. नाडी संथ व नियमित, तर गाढ झोप. अंग निश्चल असूनही ठोक्यांची लय विस्कळीत, तर स्वप्नावस्था. अशा धर्तीचे आडाखे, प्रयोगशाळेत तज्ज्ञांनी तपासलेल्या रात्रींच्या नोंदी पुरवून, यंत्राला शिकविलेले असतात.

झोपेचे खरे दप्तर मेंदूत असते. हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२४ साली मानवी मेंदूचे विद्युत्तरंग प्रथम टिपले, आणि १९५३ साली शिकागो येथे आसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध प्रसिद्ध केला; आज झोपेच्या अवस्था ठरतात त्या मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण या तिहींच्या एकत्रित पुराव्यावर. त्यासाठी रुग्णाच्या डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीवर तारा चिकटवून रात्रभराचा आलेख तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांनी वाचावा लागतो; आणि एवढा सरंजाम असूनही दोन निष्णात वाचकांचे साधारण पाचांतील एका तुकड्याविषयी मतैक्य होत नाही. मेंदूपर्यंत ज्याचा हातच पोचत नाही, त्या घड्याळाने मग 'गाढ झोप ४८ मिनिटे' असे मिनिटाच्या हिशेबाने सांगावे, हे मला अनुचित वाटते.

यातला सर्वांत मोठा अन्याय होतो तो निद्रानाशाने गांजलेल्या माणसावर. मध्यरात्र उलटून गेलेली, शेजारचे माणूस जागे होऊ नये म्हणून हा कूसही न बदलता पंख्याकडे पाहत पडलेला; आणि सकाळी घड्याळ मात्र त्या वेळेची 'हलकी झोप' म्हणून नोंद रुजू करते. झोपलेल्याला झोपलेला म्हणण्यात ही यंत्रे बरीच तरबेज आहेत, परंतु निश्चल पडलेल्या जाग्या माणसाला जागा म्हणून ओळखण्यात ती दुबळी ठरतात, ही उणीव संशोधकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

चुकीचा आकडा निरुपद्रवीही नसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वप्ननिद्रेचे प्रमाण कमी किंवा अधिक भरल्याचे खोटेच सांगण्यात आले. ज्यांना कमी म्हणून सांगितले त्यांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी खालावली. घड्याळाचे आकडे सुधारण्याच्या ध्यासापायी अंथरुणात अधिकाधिक वेळ घालवून झोप आणखीच बिघडविणारे रुग्ण अमेरिकेतील वैद्यांनी २०१७ साली नोंदले आहेत.

म्हणून ही यंत्रे टाकाऊ ठरत नाहीत. निजण्याउठण्याच्या वेळा किती अनियमित झाल्या आहेत, हे काही आठवड्यांच्या नोंदींवरून चांगले कळते, आणि ते कळणे फार मोलाचे आहे. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची पूर्वसूचना देण्यास काही घड्याळांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ साली मंजुरीही दिली. परंतु ती सूचनाच, निदान नव्हे.

माझी मागणी एवढीच आहे की, उत्पादकांनी झोपेच्या प्रत्येक आकड्याशेजारी 'अंदाज' हा शब्द ठळक छापावा आणि चुकीची मर्यादाही तेथेच द्यावी. आणि वाचकांना विनंती अशी की, घोरणे मोठे असेल, झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांनी पाहिले असेल, किंवा दिवसा वाहन चालविताना डोळे मिटत असतील, तर घड्याळाने कितीही गुण दिले तरी त्यावर विसंबून न राहता वैद्यांकडे जावे.