चारचा आकडा

बुऱ्हाणपूरचं नाव काढलं की वर्गात कुणी शाही किल्ला म्हणतं, कुणी मुमताज, कुणी मावा जिलेबी. मला आधी आठवतो तो धूळघाटचा रेल्वेपूल. खरं तर तो आमच्या जिल्ह्यात नाही. तुकईथडच्या पुढे हद्द ओलांडली की महाराष्ट्रात, मेळघाटच्या जंगलात आहे.

अकोला–खंडवा ही मीटरगेज लाइन. जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून धावायची. धूळघाटला चढ इतका की सरळ रूळ टाकले असते तर इंजिनाला झेपलं नसतं. म्हणून लाइन डोंगराभोवती फिरवली, अंतर वाढवून चढ सौम्य केला आणि पुलावरून तिला तिच्याच खालच्या रुळांपलीकडे नेलं. कागदावर मराठी ४ काढून बघा, रेघ स्वतःलाच ओलांडते ना? तस्सं. आमच्याकडे त्याला ‘चारचा आकडा’च म्हणतात. नाताळच्या सुट्टीत अकोटला मावशीकडे जाताना मी खिडकीतून खालचे रूळ शोधायचे आणि आई ‘डोकं आत घे’ म्हणून ओरडायची.

२०१७ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजसाठी ही लाइन बंद झाली. मग वाद पेटला, कारण मेळघाट हा व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. शेवटी नवी लाइन जंगलाबाहेरून, सोनाळा, जामोद, खकनारमार्गे न्यायचं ठरलं. मला हे पटतं. मीटरगेजची गाडी रमतगमत जायची, ब्रॉडगेजवरच्या गाड्या थोड्याच तशा जाणार! घरी हे बोलले की काका चिडतात, “वाघाला अकोल्याला जायचंय का?”

आता काही जण म्हणतात, जुन्या लाइनवर टॉय ट्रेन सुरू करा. मला हे अजिबात मान्य नाही. ज्या जंगलातून पेशंट आणि बाजारकरूंची गाडी चालत नाही, तिथून सेल्फीवाल्यांची कशी चालेल? पूल मात्र भंगारात काढू नये. त्याची मोजमापं घ्यावीत, नकाशे जपावेत, तिथे काम केलेल्या गँगमनच्या आठवणी रेकॉर्ड कराव्यात. आपल्या मंडळानेही हे करायला हरकत नाही, दरवर्षी काव्यवाचनच कशाला?

पण या सगळ्या भांडणात वाघ बोलला (म्हणजे त्याच्या वतीने वनखातं), अकोला-खंडव्याचे प्रवासी बोलले. आमच्या डब्यात टोपल्या घेऊन चढणाऱ्या कोरकू बायकांना कुणी विचारलं? धूळघाट, वान रोड ही स्टेशनं नव्या मार्गावर नाहीत. त्यांची गाडी गेली ती कायमची. जंगल वाचल्याचा आनंद मलाही आहे, पण त्याचं तिकीट त्यांनी भरलंय.

पुलापाशी हेरिटेजची पाटी लावायची तर जरूर लावा, पण नंतर. आधी धूळघाटहून धारणीच्या दवाखान्यापर्यंत सकाळी एक भरवशाची बस सोडा आणि संध्याकाळी परतीची. पावसाळ्यातसुद्धा.