वेळ कोणाची जाते?

‘इथल्या लोकांना वेळेची किंमतच नाही.’ नंदुरबारला बदली होऊन आलेल्या साहेबाच्या तोंडी हे वाक्य महिन्याभरात येतंच. मनगटावर भारी घड्याळ, मोबाइलवर सेकंदासकट वेळ आणि जिभेवर हा शेरा. मला याचा संताप येतो, कारण हे धादांत खोटं आहे.

आधी घड्याळाचंच बघू. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. नंदुरबार ७४ अंशांच्या थोडं पुढे. अंशाला चार मिनिटं धरा. आपला सूर्य घड्याळाच्या ३३ मिनिटं मागे चालतो. जानेवारीत इथे उजाडतं सव्वासातच्या सुमारास आणि सातच्या शाळेसाठी चिमुरडी अंधारात कुडकुडत घराबाहेर पडायची. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नयेत, हे शासनाला सुचायला २०२४ साल लागलं. मुंबईला १९०६ साली ही प्रमाणवेळ पटली नाही, तर तिने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत चालवली. शहराच्या हट्टाला जवळजवळ पन्नास वर्षं मुभा! सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्यावर विचारायलासुद्धा कोणी गेलं नाही.

आणि वेळ कळत नाही ती या माणसांना? मोहफुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर ती गुरांच्या पोटात जातात. सातपुड्यातल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं बिऱ्हाड होळीला गावी परततं. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, आणि त्या घटकेला डोंगर उतरून आलेली हजारो माणसं रात्रभर नाचून तिथे उभी असतात. त्यांना बोलावणं धाडावं लागत नाही.

आता वेळेची किंमत सांगणाऱ्यांकडे वळू. गेल्या हिवाळ्यात एका कार्यालयात मी स्वतः बसलो होतो. शेजारी धडगावकडची एक मावशी, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर धरलेले. अंधारातच पाड्यावरून पायी उतरली, मग जीप, आणि दहाला दारात. कारकून आले पावणेबाराला. मग सर्व्हर बंद. एक वाजता खिडकीतून आवाज आला, ‘मावशी, जेवणाची सुट्टी झाली. नंतर या.’ ही सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान, जास्तीत जास्त अर्धा तास, असं शासनाने २०१९ मध्येच लेखी बजावलेलं आहे. खिडकी उघडली पावणेतीनला. साडेतीनला मावशी उठली, कारण तिची शेवटची जीप सुटणार होती. दिवसाची मजुरी बुडाली, दोन्हीकडचं भाडं गेलं, काम तिथेच. भिंतीवरचं घड्याळ मात्र दिवसभर बिनचूक चालत होतं.

हा आळस नव्हे, ही चोरी आहे. पाकीट मारलं तर गुन्हा नोंदतात, दिवस मारला तर ‘उद्या या’ म्हणतात. ज्याच्यापाशी दिवसाच्या मजुरीपलीकडे काही नाही, त्याचा दिवस खाणं मला सर्वांत हलकट वाटतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, दिल्लीहून पंतप्रधान आले होते. त्या दिवशी सगळी यंत्रणा वेळेवर होती. म्हणजे जमतं यांना.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्यात अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला मुदत आहे, आणि सबळ कारणाशिवाय ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. तेव्हा अर्ज दिलात की तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शेजारी अशी मावशी बसली असेल, तर तिलाही पोच मिळवून द्या आणि मगच घरी जा.